पाऊल तिथे ताल : लोहगडाच्या पायथ्याची लोकवाद्ये

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणारी लोकल मळवलीला थांबते. स्थानकाच्या उत्तरेला कार्ल्याचा डोंगर आणि एकवीरेचे ठाणे, दक्षिणेला भाजे गाव आणि त्याच्या डोक्यावर विसापूर व लोहगड. भाज्यावरून चढणारा रस्ता दोन्ही किल्ल्यांमधल्या गायमुख खिंडीत पोचतो आणि तिथून जवळच, गडाच्या अगदी पायथ्याशी, लोहगडवाडी लागते. एका अंगाला इंद्रायणीचे खोरे, दुसऱ्या अंगाला पवनेचे. 1033 मीटर उंचीचा लोहगड जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. मराठ्यांच्या लष्करी इतिहासाची साक्ष म्हणून निवडलेल्या 12 किल्ल्यांमध्ये त्याची गणना झाली.

गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा ही गडाची चार द्वारे पाहायला आता जगभरातून माणसे येतील. त्याच गडाच्या पायथ्याला, पवन मावळात, नाणे मावळात आणि आंदर मावळात, दुसराही एक वारसा नांदतो. तो चामड्याचा, लाकडाचा, पितळेचा आणि माणसाच्या पावलांचा आहे. दगडी दरवाजा कोणी पाहिला नाही तरी उभा राहतो. ढोलाचा ठेका दरवर्षी कोणीतरी वाजवावा लागतो, कोणीतरी त्यावर नाचावे लागते, तरच तो पुढच्या वर्षी असतो.

गावातल्या वाद्याचा इतिहास त्याच्या पावलाच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही, हे या प्रकरणाचे सूत्र आहे. ज्या वाद्यावर गावाचे पाऊल पडत राहिले ते साहित्य बदलून, वाजवणारे बदलून, कधी गाव बदलूनही टिकले. जिथे पाऊल थांबले तिथे वाद्य भिंतीवर टांगले गेले.

भाज्याच्या भिंतीवरची वीणा

मावळातल्या संगीताचा सर्वांत जुना पुरावा लोहगडवाडीच्या वाटेवरच आहे. भाज्याची लेणी इ.स.पूर्व दुसऱ्या शतकापासून कोरली गेली. तिथल्या मोठ्या चैत्यगृहापासून थोड्या अंतरावर एक विहार आहे. चार घोड्यांच्या रथातील देवतेमुळे लोक त्याला सूर्यगुंफा म्हणतात. दाराच्या दुसऱ्या बाजूला भल्यामोठ्या हत्तीवर बसलेला पुरुष आहे. त्याला बहुतेक अभ्यासक इंद्र मानतात. या हत्तीच्या खालच्या भागात एक लहानसे दृश्य कोरलेले आहे. एक पुरुष बसला आहे, त्याच्यासमोर एक स्त्री नाचते आहे आणि दुसरी स्त्री धनुष्याच्या आकाराची वीणा वाजवते आहे.

ही वीणा आजच्या सतारीसारखी पडद्यांची नाही. वाकवलेल्या दांड्याला तारा ताणलेल्या, प्रत्येक तारेचा एक स्वर. चौथ्या शतकात समुद्रगुप्ताने काढलेल्या सोन्याच्या नाण्यावर खुद्द राजाच्या मांडीवर असेच वाद्य दिसते. पुढे ती भारतात जवळजवळ नाहीशी झाली. म्यानमारमध्ये मात्र तिच्या कुळातली 'सौंग' ही कमानदार वीणा आजही वाजते.

याच लेण्यांतल्या एका शिल्पात जोडीने वाजणारे चर्मवाद्य दिसते, तोच आजचा तबला, असेही सांगितले जाते. तबल्याची खरी खूण मात्र पुडीवरची शाई आहे, आणि शाईचा परिणाम कानाने ओळखायचा असतो. छिन्नीने तो दाखवता येत नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराने संगीत दाखवताना वादकाबरोबर नाचणारी कोरली, ही या शिल्पातली मोलाची गोष्ट. वाजवणे आणि नाचणे या दोन वेगळ्या कला आहेत असे त्याला वाटले नाही. गावांना आजही तसे वाटत नाही.

चार कुळे

भरताच्या नाट्यशास्त्राने वाद्यांची चार कुळे सांगितली: तारांची ती तत, फुंकीची ती सुषिर, चामड्याने मढवलेली ती अवनद्ध आणि अंगानेच वाजणारी ती घन. ध्वनी कशाच्या कंपनातून निघतो हे या विभागणीचे तत्त्व. ब्रुसेल्सच्या संगीत विद्यालयातील वाद्यसंग्रहाची यादी करताना व्हिक्टर-शार्ल माइय्यों यांनी 19व्या शतकाच्या अखेरीस याच तत्त्वाचा आधार घेतला. त्यावरून एरिक फॉन हॉर्नबॉस्टेल आणि कुर्ट झाक्स यांनी 1914 मध्ये जे वर्गीकरण मांडले, ते आज जगातल्या वाद्यसंग्रहालयांमध्ये वापरले जाते.

मावळातली वाद्ये या चार कुळांत मांडली की एक गोष्ट लगेच ध्यानात येते. अवनद्ध कुळ भरगच्च आहे: ढोल, ताशा, हलगी, संबळ, दिमडी, ढोलकी, पखवाज. घन कुळही तसेच: टाळ, झांज, टोल, लेझीम. फुंकीच्या वाद्यांत सनई, शिंग, तुतारी आणि गुराख्याचा पावा. तारांच्या कुळात गोंधळ्याचे आणि शाहिराचे तुणतुणे आणि वारकऱ्याची वीणा. दोन्हींचे काम चाल वाजवण्यापेक्षा गाणाऱ्याला स्वराचा आधार देण्याचे.

याचे कारण वाजवण्याच्या जागेत आहे. गावचे संगीत उघड्यावर, चालत, गर्दीत, अनेकदा रात्री आणि वाऱ्यात होते. तिथे मऊ तारेचा स्वर चार माणसांपलीकडे पोचत नाही. तिथे आघात लागतो. तो आघात पावलाला नेमका कधी उचलायचे आणि कधी टेकायचे ते सांगतो. चाल माणसाच्या गळ्यातून येते. वाद्यांकडे पावलाची जबाबदारी असते.

ढोल, ताशा आणि मावळचा पाऊस

ढोल म्हणजे दोन्ही तोंडांना पाने चढवलेले मोठे पिंप. पूर्वी ते लाकडाचे असे, आता बहुतेक पत्र्याचे असते. गळ्यात अडकवून किंवा कमरेला बांधून तो वाजवतात. एका बाजूला टिपरू पडते, दुसऱ्या बाजूला हाताची थाप. टिपऱ्याच्या बाजूचा आवाज टणक, थापेच्या बाजूचा खोल घुमणारा. ताशा याच्या उलट वृत्तीचा आहे. उथळ धातूच्या वाडग्यावर पान ताणलेले, गळ्यात अडकवलेला, दोन बारीक काड्यांनी वाजणारा. ढोल मुख्य मात्रा टाकतो, ताशा दोन मात्रांमधली जागा भरतो. लय वाढवायची, ठेका बदलायचा, थांबायचे, हे सारे ताशा आधी सांगतो आणि मग ढोल वळतो.

ध्वनिशास्त्र या श्रमविभागाला दुजोरा देते. कमी कंपनसंख्येचा आवाज हवेत आणि झाडीत कमी शोषला जातो, डोंगराच्या सोंडेला वळसा घालून पलीकडे जातो. जास्त कंपनसंख्येचा आवाज लवकर विरतो. म्हणून पलीकडच्या वाडीला यात्रा सुरू झाल्याची खबर ढोल देतो, आणि समोर नाचणाऱ्याच्या पायाला नेमकी धार ताशा देतो. एकाच वेळी दूरच्याला बोलावणारे आणि जवळच्याला नाचवणारे असे हे जोडपे आहे.

या वाद्यांचा वैरी म्हणजे ओल. लोणावळ्याचा परिसर महाराष्ट्रातल्या सर्वाधिक पावसाच्या भागांत मोडतो. चामडे हवेतली ओल पिते, सैल पडते, आवाज बसतो. हलगीवाला वाजवण्याआधी कागद किंवा गवत पेटवून पान शेकतो, ते ओल काढून ताण परत आणण्यासाठीच. चैत्रातल्या भैरवनाथाच्या यात्रांना ही अडचण नसते. हवा कोरडी, चामडे खणखणीत. गणपती मात्र भाद्रपदात येतात, ऐन पावसाच्या शेवटच्या सरींत. ढोलावरचे कातडे जाऊन प्लॅस्टिकचे पान आले यामागे किंमत आणि टिकाऊपणा आहेच, पण हे पावसाचे गणितही आहे. प्लॅस्टिक भिजत नाही. आवाज मात्र बदलतो: कडक होतो, मोठा होतो, आणि चामड्याचा ओलसर घुमार कमी होतो. सण कोणत्या ऋतूत येतो यावर वाद्याचे अंग कसे ठरते, याचे इतके स्पष्ट उदाहरण शोधून सापडणार नाही.

लेझीम : आखाड्यातून अंगणात

मावळ, मुळशी, भोर आणि वेल्हे या डोंगरी तालुक्यांची ओळख ढोल-लेझमीच्या खेळाने झाली आहे. इथे 'नाचायचे' म्हणण्यापेक्षा लेझीम 'खेळायची' म्हणतात. यात्रेत देवाचा छबिना निघतो तेव्हा पालखीपुढे, लग्नात वरातीपुढे, गणपतीत मिरवणुकीपुढे लेझीम असते.

वाद्य म्हणून लेझीम अगदी साधी आहे. हातभर लाकडी दांडा, त्याच्या दोन टोकांना जोडणारी लोखंडी साखळी, साखळीत ओवलेल्या पातळ चकत्या आणि मध्ये धरायला मूठ. एका हातात दांडा, दुसऱ्या हातात मूठ. हात मिटला की चकत्या एकमेकींवर आपटतात, उघडला की पुन्हा. नाचणारा प्रत्येक जण वादक असतो, हे लेझमीचे वेगळेपण. ढोलवाला थकला तरी तीस जणांच्या हातातून ठेका चालू राहतो. कोणाचा हात चुकला तर तो साऱ्यांना ऐकू येतो, म्हणून खेळणारा दुसऱ्याच्या हाताकडे बघायला शिकतो.

तिचा उगम व्यायामात आहे. तालमीत धनुष्यासारखी वाकवलेली, जड साखळीची लोखंडी लेझीम असे. ती ओढण्याने खांदे, छाती आणि मनगटे तयार होत. बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मजुमदार यांनी संपादित केलेल्या 'व्यायामज्ञानकोशा'त लेझमीला स्वतंत्र जागा मिळाली ती याच कारणाने. जड लेझमीतून हलकी लाकडी लेझीम आली, शाळांच्या कवायतीत शिरली, आणि गावच्या मुलाला ती मैदानावर आणि देवळासमोर अशा दोन्ही ठिकाणी शिकायला मिळाली. 1982 मध्ये दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धांचे उद्घाटन झाले तेव्हा तिथेही महाराष्ट्राची लेझीम खेळली गेली.

खेळाचा क्रम पाहिला तर व्यायामाची शिस्त अजून दिसते. सुरुवात संथ. उभ्याने दोन पावले पुढे, दोन मागे. मग वाकून लेझीम पायाजवळ, मग बैठक, मग उडी, मग गिरकी. रांगांचे वर्तुळ होते, वर्तुळातून वर्तुळ निघते. पुढारी शिट्टीने किंवा हाताच्या इशाऱ्याने डाव बदलतो. लय हळूहळू चढते, आणि सगळ्यात वेगाच्या जागी, जिथे थकव्याने चुका व्हाव्यात, तिथेच खेळणारे सर्वांत एकसारखे दिसतात. भातलावणीत एका ओळीत वाकून तासन्‌तास काम करणाऱ्या अंगांना हा एकजिनसीपणा नवा नसतो.

हलगी कोणाची?

लोकसंगीताबद्दल आपण प्रेमाने लिहितो तेव्हा एक गोष्ट बाजूला राहते: वाजवणारा कोण होता आणि त्याला वाजवणे नाकारता येत होते का? त्रिंबक नारायण आत्रे यांचे 'गावगाडा' 1915 मध्ये प्रसिद्ध झाले. बलुतेदारीची जी रचना त्यात उलगडली आहे, तिच्यात वाद्य हे जातीला नेमून दिलेले काम होते. देवळातली सनई आणि चौघडा गुरव आणि घडशी समाजाकडे, देवीचा गोंधळ आणि संबळ गोंधळ्यांकडे, खंडोबाच्या जागरणातली दिमडी वाघ्याकडे, आणि हलगी मातंगांकडे.

हलगी म्हणजे सुमारे फूटभर व्यासाच्या कड्यावर एकाच बाजूने ताणलेले चामडे. एका हातात आखूड जाड टिपरू, दुसऱ्यात लांब बारीक काडी. घुमके आणि कैताळ यांच्या साथीने ती कुस्तीच्या फडात वाजली की पहिलवानाच्या अंगात आणि बघणाऱ्याच्याही अंगात चढते. वरात, यात्रा, दवंडी, अंत्ययात्रा, काहीच तिच्याशिवाय होत नसे. तरी वाजवणारा देवळाबाहेर उभा असे, आणि मोबदला हक्काने मिळण्यापेक्षा मागून मिळे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीने या कामांकडे पाहण्याची नजर बदलली. 1927 च्या महाडच्या सत्याग्रहानंतर आणि विशेषतः 1956 च्या धम्मदीक्षेनंतर अनेक कुटुंबांनी गावकीची हलकी ठरवलेली कामे सोडली, त्यांत मिरवणुकीपुढे वाजवणेही होते. 1958 मध्ये कनिष्ठ ग्राम वतने कायद्याने रद्द झाली. काही गावांत वाद्ये थांबली, आणि ते थांबणे योग्य होते. ज्या तालासाठी माणसाला मान खाली घालावी लागते, तो ताल टिकवण्याचा हट्ट कोणी धरू नये.

त्याच काळात त्याच चामड्याने दुसरा आवाजही काढला. 1944 मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि दत्ता गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. डफ, ढोलकी आणि तुणतुणे कामगारांच्या सभेत वाजू लागले, पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गाजले. सेवेचे वाद्य बोलण्याचे वाद्य झाले. आज हलगी वाजवणारे तरुण ती कला म्हणून, मंचावर, ठरवलेल्या मानधनावर वाजवतात तेव्हा या दोन्ही इतिहासांचा अर्थ त्यांच्या वाजवण्यात असतो.

टाळाची पावली

मावळाच्या पूर्वेच्या हद्दीलगत देहू आहे, आणि सदुंबरे हे संताजी महाराज जगनाडे यांचे गाव याच तालुक्यात. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी 1685 मध्ये देहूहून पालखीची प्रथा सुरू केली. त्यामुळे मावळातल्या जवळजवळ प्रत्येक वाडीला भजनी मंडळ आहे, काकडा आहे, हरिनाम सप्ताह आहे.

इथले वाद्य टाळ आणि पखवाज. पखवाजाच्या उजव्या तोंडाला शाई असते. डाव्या तोंडाला वाजवण्याआधी कणकेचा ओला गोळा लावतात. गोळ्याच्या वजनाने पानाचे कंपन मंदावते आणि आवाज खाली उतरतो. गोळा कमी-जास्त करून तो हवा तसा लावता येतो. भजनाच्या ठेक्याच्या आठ मात्रा टाळकऱ्यांच्या पायात उतरतात तेव्हा त्याला पावली म्हणतात. विणेकरी मध्ये, टाळकरी दोन्ही बाजूंनी. पुढे पाऊल, मागे पाऊल, बाजूला झुकणे, उडी, आणि मध्येच टाळ डोक्यावर नेऊन वाजवणे.

लेझीम आणि पावली यांच्यात एक साम्य आहे. दोन्हींत नाचणाऱ्याच्या हातात घनवाद्य असते, दोन्हींत पुढारी सोडला तर प्रेक्षक आणि कलाकार असा भेद उरत नाही. सत्तरीचे आजोबा आणि दहा वर्षांचा नातू एकाच रांगेत असतात. शिकवण्याचा वेगळा वर्ग लागत नाही, कारण रांग हाच वर्ग असतो.

वाद्याविना नाच

ढोल आणि लेझीम ही दीर्घकाळ पुरुषांची मालकी राहिली. बायकांचा नाच वाद्यावाचून उभा राहिला. नागपंचमीला, गौरीला, मंगळागौरीला झिम्मा, फुगडी आणि फेर धरतात तेव्हा टाळी हाच टाळ आणि टाच हाच ढोल. घागर फुंकतात, सूप आणि लाटणे नाचात घेतात. स्वयंपाकघरातली वस्तू एका संध्याकाळपुरती वाद्य होते.

या साऱ्यात मोठे वाद्य म्हणजे जाते. दगडावर दगड फिरण्याची अखंड घरघर हा दळतानाच्या गाण्याचा षड्‌ज, आणि खुंटा ओढण्याचा फेरा हा त्याचा ठेका. गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्याहून, मुळशी-मावळच्या बायकांच्या साथीने, जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. हा संग्रह वाढत एक लाखाहून अधिक ओव्यांपर्यंत गेला, आणि ओव्या म्हणणाऱ्या बायकांची नावे, गावे त्यात जपलेली आहेत. पिठाच्या गिरण्या आल्या, जाते कोपऱ्यात गेले, आणि हाताचा फेरा थांबताच ओवी रोजच्या ओठांवरून उतरली. ज्या हालचालीवर गाणे उभे असते ती संपली की गाणे किती लवकर थांबते, हे जात्याइतके स्पष्ट कुठेच दिसत नाही.

कार्पेथियन डोंगरातली गावे

हीच गोष्ट युरोपातल्या रोमानियात पाहिली तर सूत्र आणखी नीट कळते. तोही डोंगरांचा आणि मेंढपाळांचा देश. तिथला मेंढपाळ 'बूचुम' नावाचे लांबलचक लाकडी शिंग फुंकतो. त्याला बोटे ठेवायला भोके नसतात; फुंकीच्या जोराने जे नैसर्गिक स्वर निघतील तेवढेच. आपल्या शिंगाचे तत्त्व हेच, आणि कामही तेच: दरीपलीकडे आवाज पोचवणे. चामडी पिशवीचे 'चिंपोय' आणि साधी बासरी 'फ्लुयेर' ही तिथल्या गावची आणखी दोन वाद्ये.

रविवारी गावच्या चौकात हात धरून वर्तुळात नाचतात तो 'होरा'. 'कलुश' हा पुरुषांचा नाच वसंताच्या शेवटी येणाऱ्या सणाशी बांधलेला: हातात काठ्या, पायाला घुंगरे, सोबत ध्वज, आणि नाचणाऱ्यांनी घेतलेली शपथ. काठी आणि धातूची खणखण घेऊन एका लयीत उड्या मारणारे हे गडी पाहून मावळच्या लेझीमपटूला परके वाटणार नाही. युनेस्कोने 2008 मध्ये कलुशला मानवतेच्या अमूर्त वारशात घेतले. या नाचांना वाजवणारे बहुतेकदा 'लाउतारी', म्हणजे पिढीजात वादक, मुख्यतः रोमा समाजाचे. त्यांच्याशिवाय लग्न होत नसे आणि लग्नाच्या पंगतीत त्यांना बरोबरीची जागाही नसे. हलगीवाल्याची व्यथा फक्त आपल्या गावाची नाही, हे इथे दिसते.

'गावगाडा' निघाले त्याच 1915 साली हंगेरीचे संगीतकार बेला बार्टोक यांनी ट्रान्सिल्वानियाच्या खेड्यांतून फोनोग्राफवर गोळा केलेल्या चालींवरून 'रोमानियन लोकनृत्ये' हा पियानोचा लहान संच रचला. जगभरचे विद्यार्थी तो आजही वाजवतात. चाली अमर झाल्या, पण त्यावर नाचणारे पाऊल त्या कागदात नाही. पुढे साम्यवादी राजवटीत, 1976 पासून, राष्ट्रीय महोत्सवांच्या मंचांवर गावचे नाच मोठ्या प्रमाणावर गेले. पोशाख एकसारखे झाले, नाचाची लांबी कार्यक्रमाच्या मिनिटांत बसवली गेली. मंचाने नाच जगवला आणि त्याचा वेळही बदलला.

पुण्याच्या रस्त्यावर

मावळ-मुळशीची ढोल-लेझीम पथके गणेशोत्सवात पुण्याला जात. 1893 पासून सार्वजनिक झालेल्या या उत्सवाच्या विसर्जन मिरवणुकीत गावाकडचा खेळ शहराने पाहिला आणि मनावर घेतला. ज्ञान प्रबोधिनी आणि रमणबाग यांसारख्या शाळांनी विद्यार्थ्यांची ढोल-ताशा पथके उभी केली, त्यांत बर्चीचा नाच आला, मुली आल्या. आज शहरातल्या पथकांत हजारो तरुण-तरुणी जूनपासून नदीकाठी सराव करतात. मुलींच्या गळ्यातला ढोल हा या शतकातल्या मराठी लोकसंगीताचा मोठा बदल आहे, आणि तो पूर्णपणे स्वागतार्ह आहे.

शहराने ढोल वाढवले. एका पथकात शंभर-शंभर ढोल आले, पाऊल मात्र कमी झाले. ढोल खांद्यावर घेऊन चालणे हाच नाच झाला, लेझीम मागे पडली. आवाजाचा प्रश्न न्यायालयात गेला. 2024 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने पथकातील वादकांच्या संख्येवर 30 ची मर्यादा घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. कायद्याचा वाद चालू राहील. कलेच्या बाजूने मात्र गावचे उत्तर साधे आहे. दहा ढोल, चार ताशे आणि चाळीस लेझमी असतील तर कान फाटत नाहीत आणि बघणाऱ्यालाही नाचावेसे वाटते. पाऊल असेल तर ढोल कमी पुरतात.

काय नोंदवायचे?

याबाबत पुन्हा रोमानियाकडे पाहावे. 1928 मध्ये तिथले लोकसंगीताचे अभ्यासक कॉन्स्टन्टिन ब्रायलोयू यांनी बुखारेस्टला लोकसंगीताचा संग्रह सुरू केला. नुसती चाल टिपून ते थांबत नसत. कोण गातो, वय काय, कोणाकडून शिकला, कोणत्या प्रसंगी गातो, गावात आणखी कोणाला येते, हे सारे त्यांच्या टिपणांत असे. गाणे माणसापासून आणि प्रसंगापासून सुटे करू नये, ही त्यांची शिस्त होती. आपल्याकडे डॉ. अशोक दा. रानडे यांनी लोकसंगीताचा असाच शास्त्रशुद्ध विचार मराठीत मांडला आणि ओव्यांच्या संग्रहाने ती शिस्त प्रत्यक्ष पाळली.

मावळच्या वाद्यांसाठी हे काम अजून व्हायचे आहे, आणि ते फार खर्चाचे नाही. तालुक्यातल्या प्रत्येक माध्यमिक शाळेने आपल्या गावच्या लेझमीचे डाव क्रमाने चित्रित करावेत, प्रत्येक डावाचे गावातले नाव लिहावे. ताशेवाला ठेका कसा बदलतो ते त्याच्याच तोंडून नोंदवावे. हलगी, संबळ आणि सनई वाजवणाऱ्यांची नावे, त्यांचे गुरू आणि त्यांच्या वाजवण्याचे प्रसंग त्यांच्या संमतीने लिहून ठेवावेत, आणि त्यांना शाळेत शिक्षक म्हणून मानधनासह बोलवावे. मुलींना लेझमीच्या रांगेत मुलांइतकीच जागा असावी.

लोहगडवाडीला आता जागतिक वारशाचे पाहुणे येऊ लागतील. त्यांच्यापुढे पंधरा मिनिटांचा कार्यक्रम करणे सोपे आहे, पण त्यावर समाधान मानू नये. पाहुण्यांना चैत्रातल्या यात्रेला, छबिन्याच्या रात्री, गणपतीत बोलवावे आणि त्यांच्या हातात एक लेझीम द्यावी. तिचे पहिले चार ठोके अर्ध्या तासात शिकता येतात. गडाची तटबंदी पुरातत्त्व खाते सांभाळील. ठेका सांभाळण्याचे काम मात्र नाचणाऱ्यांचेच आहे, आणि त्यात जितके जास्त लोक येतील तितका तो पक्का होईल.